भोंगानगरची पंगत

खोपटच्या माळावर, जिथं पुढं एसटीच्या गाड्या ओळीनं उभ्या राहून धूर सोडायला लागल्या, तिथं सन चोपन्नच्या सुमारास आवडाबाईचा तंबू होता. तंबू सिनेमाचा. त्याचं कापड मिठाच्या मचव्यांच्या जुन्या शिडांचं, त्यामुळे वारा सुटला की कापडाला जुनी सवय आठवायची आणि तंबू खाडीकडे ओढ घ्यायचा. एकदा तर तो आतल्या प्रेक्षकांसकट सरकत सरकत माजिवड्याच्या वाटेला लागला, आणि सिनेमा सुटल्यावर माजिवड्याचे लोक बाहेर आले ते थेट आपापल्या ओटीवर. खोपटच्या लोकांनी मात्र तक्रार केली, की आम्हाला उगाच चालावं लागलं. यात एक अक्षर खोटं असेल तर ठाण्याची खाडी उलटी वाहो. ती रोजच उलटी वाहते, ही गोष्ट वेगळी.

आवडाबाई मिठागरवाल्यांच्या घरातली. उन्हात मीठ ओढून तिचे हात असे झाले होते की तिनं नुसता पिठाला हात लावला तरी भाकरी खारट लागायची. बोलणं कमी, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. भरतीच्या पाण्याला बांध घालणाऱ्यांची ती जात. पाणी रोज येतं म्हणून बांध कंटाळत नाही.

तिचा नवरा परशुराम हा भला माणूस, पण त्याला सिनेमा लागला होता. तो लागला तोही मिठातूनच. दादरच्या एका फिल्म कंपनीला हिमालय हवा होता. बर्फ कुठून आणणार? म्हणून परशुरामच्या आगरातलं मीठ गाड्या भरभरून गेलं. त्या मिठाच्या हिमालयावर पालथी पडून नायिका विरहानं रडली, आणि डोळ्यांत मीठ गेल्यामुळे इतकं खरं रडली की तिला पुढं सगळीकडे रडायचीच कामं मिळाली. परशुराम मीठ परत आणायला म्हणून गेला तो पावसाळा उलटून आला. मीठ आलं नाही. त्याच्या डोक्यात सिनेमा आला.

मग खाडीकाठच्या खाजण जमिनीचा एक तुकडा देऊन टाकून, आगरातली माणसं नटनट्या म्हणून उभी करून, त्यानं स्वतः एक बोलपट काढला. नाव ‘भोंगानगर’. काळ, सन दोन हजार. त्या साली जगात म्हणे घड्याळं नसतील, सूर्य धुरात बुडालेला असेल, आणि शहराच्या मधोमध एका मनोऱ्यावर भोंगा असेल. भोंगा झाला की लोकांनी उठायचं, भोंगा झाला की जेवायचं, एक भोंगा रडण्याचा, एक लग्नं लावण्याचा. कोण वाजवतं ते कुणाला ठाऊक नाही, आणि विचारील तो दुसऱ्या दिवशी दिसत नाही. चंद्री नावाची एक पोरगी विचारते. तिच्यामागं शिपाई लागतात, झोताचे दिवे लागतात, ती मिठाच्या ढिगांत लपत छपत मनोऱ्यापर्यंत पोचते, आणि शेवटच्या रिळात वर चढून दार उघडते. आत कोण असतं, ते शेवटची रीळ बघणाऱ्यालाच कळायचं.

आणि खाली चौकात, भोंग्यानं उभ्या केलेल्या हजार माणसांत एक म्हातारी पहिल्यांदा खाली बसते. ती म्हातारी म्हणजे बायजा, परशुरामची आई. चित्र पुरं झालं आणि पुढच्याच शिमग्याला बायजा गेली. तिचा फोटो नव्हता. ती चालायची कशी, पदर कसा खोचायची, बसताना गुडघ्यावर हात कसा टेकायची, ते आता जगात फक्त त्या एका रिळात होतं. आणि चित्राची प्रतही एकच होती.

चित्र गिरगावात लागलं आणि उतरलं. एका पेपरात टीकाकारानं लिहिलं, की दिग्दर्शकांना भविष्याची एवढी भीती वाटते तर त्यांनी ज्योतिषाकडे जावं, प्रेक्षकांकडे येऊ नये. दुसऱ्यानं विचारलं, सन दोन हजारमध्ये गाणी बंद होणार आहेत काय? पब्लिक मध्यंतरात चहाला गेलं ते आलंच नाही. शेवटची रीळ रिकाम्या खुर्च्यांनी बघितली.

परशुराम डबे घेऊन घरी आला आणि खाडीकडे पाठ करून बसला. दोन दिवसांनी म्हणाला, “कल्याणच्या दौलत कासाराला सांगून आलंय. अमावास्येला येल तो.”

“काय करायला?”

“जुनी फिलीम वितळवून बांगड्या करतो तो. कुनी बगितलं नाय तं नाय, निदान कुनाच्या हातात तरी राहील.”

आवडाबाई भाताचं पाणी वेळत होती. तिनं भांडं खाली ठेवलं.

“आयशीच्या बांगड्या करतस?”

परशुराम डब्याच्या झाकणावरची धूळ पुसत राहिला.

“अमावास्या लांब हाय,” ती म्हणाली. “तवर एकदा, भरल्या तंबूनं, पार शेवटपरत बगितलं तं डबे घरात राहतील. बोल.”

“कुनी नाय बगनार, आवडे.”

“बोल, म्हनलं.”

“बरं. राहतील.”

झालं. तिनं रविवारी तंबूवर ‘भोंगानगर’ची पाटी लावली.

खाडीकडे तेव्हा एक कापडगिरणी होती. नाव सांगत नाही. तिच्या मालकांचे वारस अजून लग्नाला बोलावतात. रविवारी गिरणीला सुट्टी, त्यामुळे सगळा तंबू गिरणीवाल्यांनी भरला. घाटावरची माणसं, कोकणातली माणसं, इथली आगरी माणसं, बायका एका अंगाला, बाप्ये एका अंगाला. सिनेमा रंगला. चंद्री मिठाच्या ढिगात लपली, वरून दिव्याचा झोत फिरत आला, तेव्हा एकानं विडीचं पेटतं टोक तोंडात घातलं आणि त्याला घरी जाईपर्यंत कळलं नाही. आवडाबाई दाराशी उभी राहून अंधारातली तोंडं बघत होती. सगळी उघडी. ती मनात म्हणाली, आता नाही उठत कुणी.

आणि भोंगा झाला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. चित्रात भोंगा कानावर पडतो तो एकदाच, आणि परशुरामला नकली आवाज चालत नसे. म्हणून भोंग्याचा आवाज घ्यायला तो यंत्रवाल्याला घेऊन याच गिरणीच्या भिंतीशी बसला होता. पडद्यावर सन दोन हजारचा भोंगा वाजला तो हुबेहूब या लोकांच्या गिरणीचाच.

अख्खा तंबू उभा राहिला. बाप्यांनी धोतरं खोचली, बायकांनी मुलं काखेला मारली, “उशीर झाला, उशीर झाला” एवढंच पुटपुटत सगळे दारातून, कनातीखालून, जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडले आणि खाडीकडे पळत सुटले. सुट्टीच्या दिवशी! गिरणीच्या फाटकावर मारुती पहारेकरी स्टुलावर डुलक्या घेत होता. गर्दी बघून त्यानंही सवयीनं फाटक उघडलं. लोक आपापल्या बंद मागापुढं जाऊन उभे राहिले. काहींनी तर त्या न चालणाऱ्या मागावर दोन-दोन वार कापडही काढलं म्हणतात, आणि ते पुढं चांगलं टिकलं. मग हळूहळू एकेकाच्या ध्यानात आलं. तेव्हा शरमेनं जो तो आपापल्या घरी गेला.

इकडं तंबूत चंद्री मनोरा चढली, बायजा बसली, सिनेमा संपला. आवडाबाईनं बघितला, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या एका कुत्र्यानं.

परशुराम यंत्रापासून बाहेर आला. “कुत्रा शेवटपरत बसला होता. धरायचा का?”

“भरला तंबू म्हनलंय मी. कुत्र्याला सोड.”

दुसऱ्या खेळाला परशुरामनंच सुचवलं, की भोंग्याच्या वेळी आवाज बंद करून बघू. बघितलं. पडद्यावर हजार माणसं काही कारण नसताना ताडकन उठून पळायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, “ढेकूण चावले रे ढेकूण!” आणि तंबूत असं हसू फुटलं की एक बांबू मोडला. पुढचं कुणाला काही लागेना. चंद्री जीव मुठीत धरून जिना चढत होती आणि पब्लिक एकमेकांना ढेकूण दाखवत बाहेर पडत होतं.

परशुरामनं दौलतसाठी डबे भरायचा गोणपाट झटकून डब्यांपाशी नेऊन ठेवला. आवडाबाईनं तो उचलून बाहेर फेकला. त्यानं परत आणला. असं दोन-चार वेळा झाल्यावर ती पदर खोचून गिरणीच्या चाळीकडे निघाली.

चाळीत मालन राहायची. सातारकडची, गिरणीत कांडीखात्यात सूत गुंडाळायच्या कामाला, आणि त्या चाळीत बायकांत तिचा शब्द चाले. ती नळावर धुणं धूत होती.

“रविवारी तूही पळालीस,” आवडाबाई म्हणाली.

“पळाले की.”

“सुट्टी हाय ते ठावं होतं ना?”

“आक्का, भोंगा कानात जात न्हाई. सरळ पायात जातो.” मालननं पिळा झटकला. “आमच्या थोरलीच्या लग्नात काय झालं ठावं हाय का? अक्षता टाकायची येळ, नि भोंगा झाला. समदं वऱ्हाड अक्षता मुठीत घिऊन गिरणीत! भटजी एकलाच मंगलाष्टकं म्हणत हुता. नवराबी आमच्याच खात्यातला, त्योबी गेला. पोरगी एकली पाटावर.”

“मग?”

“मग काय, पाळी सुटल्यावर लागलं लगीन. अक्षता तेलकट झाल्या हुत्या एवढंच.”

आवडाबाई हसली नाही. तिनं विचारलं, “असा एक तरी ठिकाना सांग, जिथं बसलात म्हंजे भोंगा झाला तरी उठत नाय.”

मालननं विचार केला. “पंगत,” ती म्हणाली. “सासऱ्याच्या तेराव्याला पानं मांडली, मीठ वाढलं, नि भोंगा झाला. पाय असे थरथरले सगळ्यांचे, की पानातलं मीठबी हललं. पर उठायचं कसं? मीठ वाढल्यावर पानावरनं उठलं तर जेवू घालणाराचा अपमान. शेवटल्याचं हात धुवून हुईस्तवर कुणी उठलं न्हाई. दांडी पडली, पर बसलो.”

आवडाबाई तशीच निघाली.

“आवो, कुठं? च्या घ्या की!”

“अमावास्येच्या आदल्या सांजला तंबूत ये. समद्या चाळीला घेऊन ये. रातपाळीवाले पन. पाळीच्या आधी सोडतंव. जेवायला हाय म्हनून सांग.”

“जेवायला? कशाचं?”

“सिनेमाचं,” आवडाबाई म्हणाली. “मीठ तं माज्या घरचंच हाय.”

अमावास्येच्या आदल्या दिवशी आगरातल्या बायकांनी तंबूमागं चुली पेटवल्या. वालाचं बिरडं, भात आणि तांदळाची खीर. तंबूत खुर्च्या नव्हत्याच, त्यामुळे पंगती मांडणं सोपं गेलं. सगळ्या पंगतींची तोंडं पडद्याकडे, एवढाच फरक. एरवी कोण कुणाच्या पंक्तीला बसतो यावरून माणसं तलवारी काढत, पण तंबूत कंदील बारीक होते, आणि अंधारात शेजारच्याची जात काही दिसत नाही. ज्याला विचारायची होती त्यानंही विचारली नाही, कारण खिरीचा वास सुटला होता.

आवडाबाई मिठाची पाटी काखेत घेऊन पंगतीपुढं उभी राहिली.

“ऐका. पान घ्या. मीठ मी वाढतंव. भात शेवटच्या रिळानंतर.”

“बाई, हे काय?” गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, कुरकुरला. “नुसतं मीठ चाटत सिनेमा बघायचा?”

“चाटू नको. नुसता बस. मीठ वाढलं म्हंजे पंगत बसली. पंगतीतून मधीच उठनारा कोन हाय तो मना बगायचाय.”

तिनं वाकून एकेकाच्या पत्रावळीच्या टोकाला चिमूट चिमूट मीठ वाढलं. शेवटच्या पानापर्यंत. कंबर मोडली तिची, पण एक पान सोडलं नाही. सोडलं असतं तर तिथूनच तंबू फुटला असता.

सिनेमाच्या यंत्राला वीज देणाऱ्या इंजिनानं सुरुवातीलाच खोकायला घेतलं. त्यात कुठूनसं पाणी गेलं होतं. परशुराम त्याला शिव्या देत, पुसत, फुंकत बसला, आणि खेळ उशिरा सुरू झाला. आवडाबाईनं ते मनात नोंदवलं, पण करते काय.

सिनेमा रंगला. चंद्री मिठात लपली. झोत फिरला. आणि पडद्यावर भोंगा झाला.

पंगतीतून एक सळसळ गेली, सुक्या पानांच्या रानातून वारा जावा तशी. पायच ते, ते उठायला निघाले. मालननं दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे दाबून धरले. जॉबर अर्धा उठला. शेजारच्यानं त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ओढलं. “अरे ए, मीठ वाढलंय!” जॉबर पानाकडे बघून खाली बसला. भोंगा वाजत राहिला, वाजत राहिला, आणि थांबला.

कुणीच उठलं नव्हतं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले, जसे काही चोरी करून आलेत. मग एक म्हातारा खुदकन हसला, आणि पुढं सगळा तंबू पडद्याला जो चिकटला तो चिकटला.

शेवटची रीळ लागली. या रिळात आवाज जवळजवळ नाही. चंद्री मनोऱ्याचा जिना चढते आहे. खाली चौकात माणसं उभी. आणि त्यांच्यातून एक म्हातारी पदर खोचते, गुडघ्यावर हात टेकते, आणि बसते.

“अगो, बायजा!” बायकांतून आवाज आला.

“बायजा म्हातारी? ती तं गेली ना?”

“गप गो. बसली बग कशी. कुनाचं ऐकायची नाय ती.”

तेवढ्यात खाडीकडून, अंधारातून, भोंगा झाला.

या रिळात भोंगा नव्हता. हा खरा होता, रातपाळीचा. यंत्राच्या खोक्यामागून परशुरामचं डोकं बाहेर आलं. तो कुजबुजला, “आवडे, खरा हाय गो.”

आवडाबाईला कळलं होतं. पंगतीला कळलं नव्हतं. त्यांना तो सिनेमातलाच वाटत होता, आणि सगळे शहाण्यासारखे पानापुढं बसून होते. गप्प राहिलं की झालं. थोडीच फिल्म उरली होती. पुढं काय झालं असतं ते सोपं आहे: भरला तंबू, शेवटपर्यंत, बायजा घरात.

पण ती गप्प राहीना. माणसांना फसवून बसवलं तर मग मनोऱ्यावर भोंगा वाजवणारा कोण आणि तंबूतली आपण कोण, फरक काय? तिनं कंदील उचलला आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. चंद्रीचा जिना तिच्या तोंडावर पडला.

“हा खरा हाय,” ती म्हणाली. “सिनेमातला नाय. रातपाळीचा. ज्याला जायचं त्यानं जावा. माजा अपमान नाय.”

भोंगा वाजतच होता. पाय हलले, पत्रावळ्या हलल्या. जॉबर उठला. पुरा उठला. आवडाबाईनं कंदील बाजूला घेतला, त्याला वाट दिसावी म्हणून.

“वाजू द्या,” मालन म्हणाली. तिनं गुडघे पुन्हा दाबून धरले होते. “मीठ वाढलंय. नि वर कोण हाय ते बघितल्याबिगार मी काय उठत न्हाई. आक्का, व्हा बाजूला, दिसंना आम्हांला.”

जॉबर उभाच राहिला होता. मागच्या पंगतीतून कुणीतरी ओरडलं, “बसा ओ पुढचे!”

तो बसला.

आवडाबाई बाजूला झाली. चंद्रीनं मनोऱ्याचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. एक खुर्ची होती, तिच्यावर धूळ. भोंग्याच्या तोंडाला एक दोर बांधलेला, तो खिडकीतून खाली गेलेला, खाडीच्या बांधातल्या दरवाजाला. भरती आली की दरवाजा उचलला जायचा, दोर ताणला जायचा, भोंगा वाजायचा. वाजवणारा कधीच मरून गेला होता. माणसं पाण्यावर उठत होती आणि पाण्यावर बसत होती.

तंबूतून एक असा श्वास सुटला की शिडाचं कापड फुगलं आणि खुंट्या करकरल्या. चंद्रीनं कमरेचा विळा काढला. दोर तुटला. मग नुसतं पाणी, भरतीचं, आवाज न करता वर येणारं. संपलं.

“आता भात,” आवडाबाई म्हणाली, आणि तिलाच हसू आलं.

लोक जेवले. घाईनं नाही. शेवटच्याचा हात धुवून झाल्यावर सगळे एकदम उठले आणि गिरणीकडे गेले, चालत, ढेकरा देत. गिरणी तोवर मुकी उभी होती. मारुतीनं फाटक उघडलं आणि विचारलं, “आज काय, सगळेच उशिरा?” मालन म्हणाली, “जेवत हुतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबूपाशी दोन माणसं एकदम आली. एक दौलत कासार, सायकलला गोणपाट लावून. दुसरे गिरणीचे मॅनेजर जठारसाहेब, कोटाची सगळी बटणं लावून. तंबू ज्या माळावर होता तो माळ गिरणीचा.

दौलत म्हणाला, “परशुरामदादा, काढा डबे.”

“डबे घरात राहनार,” परशुराम म्हणाला. “मी शब्द दिलाय.”

“डबे घरातही राहणार नाहीत आणि तंबूतही,” जठारसाहेब म्हणाले. “काल माझी रात्रपाळी उशिरा सुरू झाली. विचारलं तर प्रत्येकजण सांगतो, भोंगा सिनेमातला वाटला. माझ्या गिरणीत खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे आता एक चित्रपट ठरवणार? ते चित्र आजच्या आज नष्ट करा. नाहीतर हा माळ रिकामा करा. यात दुसरं बोलणं नाही.”

दौलतनं उगाच गोणपाट उलगडला. परशुरामचा चेहरा उतरला. माळ गेला तर तंबू गेला, आणि तंबू गेला तर चित्र दाखवायचं कुणाला? तो आवडाबाईकडे बघायला लागला.

“साहेब,” आवडाबाई म्हणाली, “तुमी बगितला का?”

“मला बघायची आवश्यकता वाटत नाही.”

“मग नाश करायचं त्यात नेमकं काय हाय, ते तुमाला कसं कळलं? शिकलेली मानसं तुमी. कागद न वाचता सही करता का?”

जठारसाहेब जरा थांबले. कागद न वाचता सही करणारा माणूस त्यांना आवडत नसे. “ठीक आहे,” ते म्हणाले. “आज संध्याकाळी बघतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग सांगतो काय जाळायचं ते.”

“पार शेवट बगूनच सांगाल? त्याआधी नाय?”

“शब्द देतो.”

“नि माळ?”

“तोवर माळही तुमचा. मी शब्द फिरवत नाही, बाई.”

संध्याकाळी तंबू परत भरला. दौलत कासारही राहिला. रिकाम्या हातानं कल्याणला जायचं तर निदान जेवून जाऊ, म्हणाला. जठारसाहेबांसाठी खुर्ची आणली होती. आवडाबाईनं त्यांच्यापुढं पाट ठेवला, पाटावर पत्रावळ, आणि मिठाची चिमूट धरली.

“नको,” साहेब म्हणाले. “आम्ही बाहेरचं काही घेत नाही.”

“नुसतं मीठ हाय.”

“मीठही नको.”

“जशी तुमची मर्जी,” म्हणून तिनं पत्रावळ उचलली. चिमूट परत पाटीत टाकली.

सिनेमा सुरू झाला. साहेब ताठ बसून बघत होते. चंद्री मिठात लपली तेव्हा खुर्चीच्या कडेला आले. झोत फिरला तेव्हा त्यांनी कोटाची कॉलर वर केली. आवडाबाई दाराशी उभी होती, पहिल्या रविवारच्याच जागेवर, आणि आज ती पडद्याकडे बघतच नव्हती.

भोंगा झाला.

पंगत जागची हलली नाही. पत्रावळीसुद्धा वाजली नाही. आणि त्या सगळ्या बसलेल्या माणसांत एकच माणूस ताडकन उभा राहिला. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं, कोटाची बटणं चाचपली, छत्री उचलली, आणि भराभर पावलं टाकत, कुणाकडे न बघता, आवडाबाईच्या बाजूनं दारातून बाहेर पडून खाडीकडे निघाला.

“साहेब!” आवडाबाई हाका मारत राहिली. “आवो साहेब, शेवट राह्यलाय!”

मारुती पहारेकरी सांगायचा, की साहेब फाटकापर्यंत आले, आत गेले, आपल्या खोलीत दिवा लावून बसले, आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन विचारलं, “मारुती, आत्ता भोंगा झाला ना?” मारुती म्हणाला, “न्हाई साहेब.” तेव्हापासून जठारसाहेबांनी माळाकडची वाट टाकली. शब्द दिला होता, पुरं बघूनच सांगीन. पुरं बघायला यायचं तर त्या सगळ्या पंगतीसमोरून परत आत यावं लागलं असतं. ते काही झालं नाही, त्यामुळे काय जाळायचं ते कळलं नाही, आणि माळ बरीच वर्षं तंबूकडे राहिला.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी आवडाबाई दारातून आत वळली तेव्हा परशुराम शेवटची रीळ चढवून यंत्रामागून बाहेर आला होता. दौलत कासार पानापुढं आ वासून बसला होता. परशुरामनं त्याच्या काखेतला गोणपाट हळूच ओढून घेतला, चौपदरी घडी घातली, पंगतीच्या टोकाला टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसला. पडद्यावर म्हातारीनं पदर खोचला.

“आवडे,” तो म्हणाला, “मना पन मीठ वाढ.”